काच पुसणारं घड्याळ आणि फास्टॅगमधले पैसे: एका व्हायरल व्हिडिओची उलटतपासणी

जून २०२२च्या शेवटच्या आठवड्यात एक व्हिडिओ घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला. गाडीत दोघं बसलेत. एक लहान मुलगा येतो, फडक्याने पुढची काच पुसू लागतो आणि पुसता पुसता मनगटावरचं घड्याळ काचेवरच्या फास्टॅगसमोरून फिरवतो. काम झाल्यावर पैसे न मागताच निघतो. गाडीतल्यांनी बोलावून घड्याळाबद्दल विचारताच धूम ठोकतो. एकजण त्याच्यामागे धावतो, मुलगा हाती लागत नाही. मग दुसरा समजावून सांगतो की हे साधं घड्याळ नव्हे, त्यात स्कॅनर आहे. टॅगवरून फिरवलं की फास्टॅगच्या खात्यातले पैसे गेलेच म्हणून समजा.

व्हिडिओ रचलेला होता, अभिनयासकट. दोन-तीन दिवसांत पीआयबी या केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या फॅक्ट चेकने तो खोटा ठरवला, पेटीएमने दावा खोडून काढला आणि फास्टॅगचा पैशांचा व्यवहार जिच्या यंत्रणेतून होतो त्या एनपीसीआयने सविस्तर खुलासा दिला. तरी आजही सिग्नलला कुणी काच पुसायला आलं की पुढच्या सीटवरचे काका हात आडवा करतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. खुलाशांचा सगळा भर ‘असं होऊच शकत नाही’ यावर होता, आणि का होऊ शकत नाही हे ज्याला कळलेलं नाही त्याला अशी ठाम वाक्यं फार काळ पुरत नाहीत. शिवाय या प्रकरणातल्या काही गोष्टी चक्क होऊ शकतात. कोणत्या होतात आणि कोणत्या नाही, हे वेगळं काढण्यासाठी तो व्हिडिओ तुकड्या-तुकड्याने तपासायला हवा.

त्या मिनिटा-दोन मिनिटांत चार वेगवेगळे दावे एकात एक गुंतवले होते. घड्याळ टॅग वाचू शकतं. टॅग वाचला की पैसे हाती लागतात. ते पैसे त्या मुलाच्या किंवा त्याच्या मालकाच्या खिशात जातात. आणि गाडीवाल्याला पत्ता लागत नाही. पहिला दावा वाटतो तितका अशक्य नाही. दुसरा आणि तिसरा कोसळतात. चौथ्याचं उत्तर मजेशीर आहे, त्याकडे शेवटी येऊ.

घड्याळाला टॅग वाचता येतो का?

फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. त्या चिकटपट्टीच्या आत मिलिमीटरभराहून लहान चिप आणि तिला जोडलेली धातूच्या पातळ पापुद्र्याची नागमोडी अँटेना, एवढंच. मग ती बोलते कशी? टोल नाक्यावर लेनच्या वर टांगलेला रीडर सतत रेडिओलहरी सोडत असतो. आपल्याकडे या कामासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे, म्हणून सगळी यंत्रणा तिथे बसवली. या लहरी टॅगच्या अँटेनावर पडतात, त्यातून मिळणाऱ्या चिमूटभर ऊर्जेवर चिप जागी होते आणि अँटेनाची परावर्तन करण्याची क्षमता झटपट कमी-जास्त करत राहते. टॅग स्वतः लहर सोडत नाहीच. उन्हात उभा राहून हातातला आरसा हलवत दूरच्या भिंतीवर कवडसा पाडणाऱ्या पोरासारखं त्याचं काम: ऊन दुसऱ्याचं, इशारा आपला. रीडर परत आलेल्या लहरीतले हे बारीक चढउतार ओळखतो आणि त्यातून शून्य-एकची ओळ वाचतो.

ही कल्पना जुनी आहे. परावर्तित लहरींवर संदेश पाठवण्याबद्दलचा हॅरी स्टॉकमन यांचा निबंध १९४८चा. आणि त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, सोव्हिएत शाळकरी मुलांच्या हस्ते मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूतांना लाकडात कोरलेलं राजचिन्ह भेट मिळालं. त्याच्या पोटात ना बॅटरी होती ना वायर. बाहेरून रेडिओलहर सोडली की खोलीतलं बोलणं त्या लहरीवर स्वार होऊन परत जायचं. तो प्रकार १९५२ पर्यंत उघडकीस आला नाही. स्वतःची वीज नसलेली वस्तू शांतपणे पडून राहते आणि बाहेरून कुणी ‘उजेड’ टाकला की बोलू लागते, हा या तंत्राचा स्वभाव. आपल्या काचेवरच्या टॅगलाही तो लागू आहे.

आता आकडे. नियमाने रीडरला जास्तीत जास्त ४ वॅट इतकी प्रभावी शक्ती वापरता येते. पाच मीटरवरच्या टॅगपर्यंत त्यातला, सगळं अगदी जुळून आलं तर, एका मिलिवॅटच्या तिसऱ्या हिश्शाएवढा भाग पोचतो. काच आणि कोन यांमुळे होणारी घट धरली तर त्याहून कमी. चिपला जाग यायला साधारण दहा-वीस मायक्रोवॅट पुरतात. म्हणजे पाच मीटरवर भरपूर शिल्लक राहते आणि वीस मीटरच्या आसपास पूर्ण शक्तीवरही गाडं अडतं. या गणिताचं दुसरं टोक नाका चालवणाऱ्यांच्या डोक्याला ताप होतं, कारण रीडर फार जोरात चालवला तर शेजारच्या लेनमधल्या किंवा मागच्या गाडीचा टॅगही जागा होतो. म्हणून शक्ती आणि अँटेनाचा कल जाणूनबुजून आवरता घ्यावा लागतो.

मग घड्याळ? व्हिडिओ आला त्या काळात घड्याळाने पैसे देणं लोकांना नव्यानेच माहीत होत होतं. टायटन आणि स्टेट बँकेने २०२० मध्ये तसं घड्याळ बाजारात आणलं होतं, आणि १ जानेवारी २०२१ पासून पिनशिवाय कार्ड टेकवून द्यायची मर्यादा दोन हजारांवरून पाच हजार रुपये झाली होती. प्रेक्षकाच्या डोक्यात दोन आणि दोन चार झाले. पण त्या घड्याळांतली एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते. तिथे लहर फेकण्या-परतवण्याचा खेळ नाही. दोन वेटोळी जवळ आणून एकाच्या चुंबकी क्षेत्रातून दुसऱ्याला वीज देण्याचा आहे, आणि ते क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात ओसरतं. चार-पाच सेंटिमीटर, संपलं. ८६५ मेगाहर्ट्झच्या टॅगशी त्या घड्याळाची भाषाच जुळत नाही. तासभर घासलं तरी टॅग जागा होणार नाही. शिवाय पैसे देणारं घड्याळ कार्डाची भूमिका करतं. पैसे घेणारं यंत्र म्हणजे दुकानातलं स्वाइप मशीन, आणि त्यामागे बँकेने तपासून दिलेलं व्यापारी खातं.

बहुतेक खुलासे देणारे आणि त्यांच्यावर विसंबलेले लेख इथे थांबले. मला वाटतं, इथे थांबणं चूक आहे. बाजारातलं स्मार्टवॉच फास्टॅग वाचू शकत नाही हे खरं. पण फास्टॅग वाचणारी हातातली यंत्रं असतात. लेनमधल्या रीडरने दाद दिली नाही की नाक्यावरचा माणूस ज्या हँडहेल्डने काचेजवळ येऊन टॅग टिपतो, ते कोणत्याही खटपट्या माणसाला विकत मिळतं. आणि टॅग हातभर अंतरावर असेल तर शक्ती किती कमी लागते पाहा: अंतर निम्मं केलं की पोचणारी ऊर्जा चौपट. काचेला टेकवलेल्या यंत्राला वॅटभराची गरजच नाही. मनगटावर मावेल एवढा रीडर कुणी मुद्दाम बनवायला घेतला तर भौतिकशास्त्र त्याला आडवं येणार नाही. बचावाची भिंत इथे नाही.

वाचल्यावर हाती काय लागतं?

फास्टॅग ज्या मानकावर चालतो, त्या २००४च्या दुसऱ्या पिढीच्या यूएचएफ मानकात, टॅगच्या स्मृतीचे कप्पे पाडलेले असतात. एकात चिपच्या कारखान्यातच कोरलेला, पुन्हा न बदलता येणारा अनुक्रमांक. दुसऱ्यात टॅग देणाऱ्या बँकेने दिलेला ओळख क्रमांक. तिसरा कप्पा वापरकर्त्याचा, त्यात गाडीचा नोंदणी क्रमांक आणि वर्ग अशा गोष्टी भरलेल्या असतात. रीडर विचारतो, टॅग सांगतो. विचारणारा कोण आहे हे टॅग तपासत नाही. पासवर्डची सोय आहे, पण ती लिहिण्यावर किंवा टॅग कायमचा मारून टाकण्यावर कुलूप म्हणून. ओळख क्रमांक वाचायला पासवर्ड लागत नाही.

त्यात शिल्लक रक्कम कुठेच नाही. ‘फास्टॅगमध्ये पाचशे रुपये आहेत’ असं आपण बोलतो, पण पाचशे रुपये बँकेच्या सर्व्हरवर आहेत. काचेवर आहे ती फक्त ओळख. नंबरप्लेटही हेच सांगते, आणि ती तर दिवसाढवळ्या सगळ्यांसमोर टांगलेली असते.

रक्कम चिपमध्येच ठेवणाऱ्या व्यवस्था आहेत, आणि तिथे भीती निराधार नव्हती. लंडनच्या ऑयस्टर कार्डात आणि नेदरलँड्सच्या प्रवास कार्डात मायफेअर क्लासिक नावाची चिप होती. तिची गुप्त ठेवलेली कूटपद्धत २००७च्या डिसेंबरात आणि २००८ मध्ये संशोधकांनी उलगडली. नायमेखेनच्या राडबाउड विद्यापीठाचा त्यात मोठा वाटा होता. किल्ल्या हाती लागल्यावर कार्डावरची माहिती बदलता येऊ लागली. आपल्याकडे मेट्रोत चालणाऱ्या एनसीएमसी कार्डातही एक शिल्लक चिपमध्येच राहते, म्हणजे नेट नसलं तरी गेट उघडतं. पण ती चिप बँक कार्डाच्या दर्जाची, प्रत्येक व्यवहाराला नव्याने कूटउत्तर देणारी आहे. फास्टॅगच्या चिपमध्ये अशी ताकद नाही आणि तिची गरजही पडू दिलेली नाही. २०१० मध्ये नंदन नीलेकणी यांच्या समितीने देशभरासाठी बॅटरी नसलेला, स्वस्त टॅग निवडला तेव्हाच हे ठरलं होतं: काचेवरची वस्तू मुकी आणि स्वस्त ठेवायची, अक्कल मागच्या यंत्रणेत घालायची.

नंबर मिळाला. पैसे ओढता येतील?

गाडी लेनमध्ये शिरते, रीडर टॅगचे क्रमांक टिपतो. चाळीसच्या वेगाने जाणारी गाडी चार मीटरचा पट्टा पार करायला सेकंदाचा तिसरा हिस्सा घेते आणि एकदा टॅग वाचायला काही मिलिसेकंद पुरतात, त्यामुळे तेवढ्यात तो डझनावारी वेळा वाचून होतो. नाक्यावर वेळ जातो तो वाचण्यात जात नाही. लेनचा संगणक आपल्याकडच्या नाकारायच्या यादीत हा टॅग आहे का पाहतो. ही यादी मध्यवर्ती यंत्रणेकडून ठरावीक अंतराने येत राहते. टॅग यादीत नसेल तर दांडा वर जातो. त्याच वेळी जमिनीतले आणि बाजूचे संवेदक गाडीचे आस मोजून तिचा वर्ग ठरवतात, कॅमेरा फोटो काढतो. हे सगळं एकत्र बांधून नाक्याच्या सर्व्हरवरून नाक्याच्या बँकेकडे जातं, तिथून एनपीसीआयच्या स्विचकडे. स्विचजवळ प्रत्येक टॅगची नोंदवही आहे: कोणत्या बँकेचा, कोणत्या गाडीचा, कोणत्या वर्गाचा, चालू की बंद. टॅग देणाऱ्या बँकेला मागणी जाते, ती रक्कम वळती करते, आपल्याला एसएमएस येतो. कधी लगेच, कधी गाडी पुढच्या नाक्यावर पोचल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी.

व्हिडिओतल्या मुलाने टॅग वाचला असं धरू. त्याला आता ही मागणी कुणाकडे पाठवायची? एनपीसीआयच्या खुलाशातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा होता आणि बातम्यांमध्ये तोच सर्वांत कमी छापला गेला. या यंत्रणेत व्यक्तीकडून व्यक्तीकडे पैसे जाण्याची वाटच नाही. पैसे घेणारा नोंदणीकृत व्यापारीच असावा लागतो. प्रत्येक नाक्याला त्याच्या भौगोलिक जागेशी बांधलेला स्वतंत्र क्रमांक असतो. नाका आणि बँक यांच्यामधली वाट फक्त आधीच मंजूर केलेल्या पत्त्यांवरून येणाऱ्या मागण्या स्वीकारते. उघड्या इंटरनेटवरून कुणी उठून मागणी पाठवू शकत नाही. यूपीआयवर सप्टेंबर २०२५ पर्यंत कोणीही कोणाला पैशांची मागणी पाठवू शकत होता, त्या सवयीमुळे आपल्याला फास्टॅगही तसाच वाटतो. तो तसा नाही.

एक फट मात्र दिसते. फास्टॅग आता फक्त टोलला चालत नाही. विमानतळ आणि मॉलच्या पार्किंगलाही चालतो. म्हणजे नोंदणीकृत व्यापाऱ्यांचं वर्तुळ टोल कंपन्यांपुरतं राहिलेलं नाही. एखाद्या बेरकी पार्किंगवाल्याने खोटी मागणी टाकली तर? टाकू शकतो. पण त्याचं नाव, बँक खातं, व्यवहाराची वेळ, सगळं नोंदलेलं. गाडीवाल्याने तक्रार केली की टॅगची बँक रक्कम परत मागते आणि पुरावा देण्याची जबाबदारी पार्किंगवाल्यावर येते. चोरी करून स्वतःचा पत्ता मागे ठेवून जाण्यासारखं हे आहे, आणि त्यासाठी घड्याळही लागत नाही, पोरगाही लागत नाही.

टॅगची नक्कल

यापुढची शंका जाणकारांकडून येते. पैसे ओढता नाहीत आले, पण वाचलेले क्रमांक दुसऱ्या टॅगवर लिहून माझ्या पैशांनी दुसराच कुणी टोल भरून फिरला तर? कोरा टॅग घेऊन ओळख क्रमांक उतरवणं अवघड नाही. कारखान्यात कोरलेला अनुक्रमांक मात्र साध्या टॅगवर उतरत नाही, आणि तो जुळला नाही की नक्कल उघडी पडते. त्यावरही मात करता येते: टॅगचं सोंग घेणारं उपकरण बनवून दोन्ही क्रमांक जसेच्या तसे सांगता येतात, कारण मूळ मानकात टॅगला प्रत्येक वेळी नवा कूटप्रश्न विचारायची सोय नाही. ती २०१३च्या सुधारित आवृत्तीत आली आणि तीही ऐच्छिक. कागदावर पाहिलं तर टॅगची नक्कल शक्य आहे, हे मान्य करून टाकलेलं बरं.

पण हा उद्योग करणाऱ्याचा हिशेब मांडा. खटपट करून त्याला मिळणार शंभर-दीडशे रुपयांचा टोल. तोही अशा ठिकाणी, जिथे त्याच्या गाडीचा फोटो नंबरप्लेटसकट निघतो, वर्ग मोजला जातो आणि ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याला नाक्याच्या नावासह एसएमएस जातो. २०२२ या एका वर्षात फास्टॅगमधून पन्नास हजार कोटींहून जास्त टोल जमा झाला. एवढा पैसा वाहत असताना चोरांनी ही वाट का धरली नाही, याचं उत्तर तंत्रज्ञानापेक्षा हिशेबात आहे. त्यांना सोपी वाट माहीत आहे: फास्टॅगची केवायसी संपली म्हणून फोन करायचा, लिंक पाठवायची, ओटीपी विचारायचा. समाजमाध्यमांवर तक्रार लिहिणाऱ्याला ‘कस्टमर केअर’ बनून गाठायचं. यात रेडिओलहरींचा संबंध शून्य.

मग गाडी घरी असताना टोल कापला जातो तो कसा?

हा प्रश्न खरा आहे आणि अशा तक्रारीही खऱ्या आहेत. गाडी सोसायटीत उभी, मालक सोफ्यावर, आणि मोबाइलवर तीनशे किलोमीटरवरच्या नाक्याचा एसएमएस. व्हिडिओ पाहिलेल्या माणसाला पहिली आठवण घड्याळाचीच येणार.

उत्तर नाक्याच्या केबिनमधल्या कीबोर्डवर आहे. टॅग वाचला गेला नाही की कर्मचाऱ्याला गाडीचा नंबर हाताने टाकून व्यवहार करता येतो. यंत्रणा नंबरवरून टॅग शोधते. एक अंक चुकला, किंवा हलगर्जीने अथवा मुद्दाम भलताच नंबर टाकला, की महाराष्ट्रात उभ्या गाडीच्या नावावर दुसऱ्या राज्यातला टोल पडतो. टॅग वाचावाच लागत नाही. ज्या दरवाजातून पैसे खरोखर गेले तो रेडिओचा नव्हताच.

हा प्रकार एवढा झाला की फास्टॅगचं काम पाहणाऱ्या आयएचएमसीएल या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कंपनीने अशा प्रत्येक खोट्या हस्तनोंदीसाठी टोलचालकाला १ लाख रुपये दंड लावायला सुरुवात केली. जानेवारी २०२५ मध्ये तिने सांगितलं की २५०हून अधिक प्रकरणांत असा दंड झाला आणि अशा घटना सुमारे ७० टक्क्यांनी घटल्या. महिन्याला साधारण ३० कोटी व्यवहारांमागे सरासरी ५० तक्रारी खऱ्या निघतात, असंही तिचं म्हणणं. प्रमाण नगण्य आहे. पण त्या पन्नासांतल्या एकाने जरी ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला तरी घड्याळाच्या गोष्टीला पुन्हा पाय फुटतात. असा एसएमएस आला तर १०३३वर तक्रार करायची आणि टॅगच्या बँकेकडे वाद नोंदवायचा. नाक्यावरचा फोटो मागवला की कोणती गाडी गेली ते दिसतंच.

हाताने नोंद करायची वेळ का येते, यातही गाडीवाल्यांचा वाटा आहे. फास्टॅगची अँटेना काचेला चिकटलेली असेल असं धरूनच आखलेली असते. काच मागे असताना तिचा सूर जुळतो. टॅग डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून नाक्यावर हातात धरून दाखवणारे पुष्कळ आहेत. हात म्हणजे बहुतांशी पाणी, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. त्यामुळे टॅग कधी वाचला जातो, कधी नाही, कधी मागच्या गाडीचा आधी वाचला जातो. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकायचं धोरण जाहीर केलं ते यामुळेच. काही गाड्यांच्या उष्णतारोधक काचेत धातूचा मुलामा असतो. त्या गाड्यांत आरशाच्या मागे मुलामा न दिलेली ठिपक्यांची चौकट सोडलेली असते आणि टॅग तिथेच लावायचा असतो.

एक नियम फार कमी जणांना माहीत आहे. टॅग चालू आहे, शिल्लक पुरेशी आहे, आणि नाक्याची यंत्रणाच बंद पडली म्हणून टॅग वाचला जात नाही, तर मे २०१८च्या अधिसूचनेनुसार राष्ट्रीय महामार्गावर तुम्हाला शून्य रुपयांची पावती देऊन फुकट सोडायचं असतं. नाक्यावर हे सांगून पाहा. मागचे हॉर्न वाजवतील, पण नियम तसाच आहे.

काचेवरून खरंच काय गळतं

चौथ्या दाव्याकडे, म्हणजे ‘गाडीवाल्याला पत्ता लागत नाही’ याकडे येऊ. पैशांच्या बाबतीत तो चुकीचा, एसएमएस येतोच. पण टॅग वाचला गेला हे मात्र खरोखर कळत नाही. ना दिवा लागतो, ना आवाज होतो. ओळख क्रमांक कधी बदलत नाही. रस्त्याकडेला रीडर लावून कोणती गाडी किती वाजता गेली याची नोंद ठेवायला कोणतीही बँक किंवा परवाना मध्ये येत नाही.

अधिकृतपणे हे घडतंच आहे. १ जानेवारी २०२१ पासून जीएसटीची ई-वे बिलं फास्टॅगशी जोडली गेली. मालवाहू ट्रक कोणत्या नाक्यावरून कधी गेला हे करअधिकाऱ्यांना दिसतं. करचुकवेगिरी पकडायला ते उपयोगी आहे यात वाद नाही. पण व्हिडिओने लोकांना पाकिटाची भीती घातली आणि ठावठिकाण्याबद्दल कुणाला प्रश्न पडला नाही, याची मला गंमत वाटते. गाडी विकताना बहुतेकजण टॅग काढायचंच विसरतात. नवा मालक फिरतो, टोल जुन्याच्या खात्यातून जातो आणि नव्या मालकाच्या प्रत्येक फेरीचा एसएमएस जुन्याच्या मोबाइलवर येतो. यातही कुणी चोर नाही; एक न केलेला फोन आहे, बँकेला टॅग बंद करायला सांगणारा.

आता दांडाच जाणार आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर सुरतजवळच्या चोर्यासी नाक्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये बिनअडथळ्याच्या टोलचा करार झाला: गाडी न थांबता कमानीखालून जाईल, वरून रीडर टॅग टिपेल आणि कॅमेरा नंबरप्लेट. टॅग वाचला गेला नाही तर नंबरप्लेटवरून गाडी ओळखली जाईल. म्हणजे केबिनमधल्या कर्मचाऱ्याच्या बोटांनी होणारी नोंद कॅमेऱ्याकडे जाईल. चिखलाने माखलेली, फॅन्सी अक्षरांत रंगवलेली किंवा सरळ बनावट नंबरप्लेट कॅमेऱ्याने कशी वाचली, यावर भलत्याच माणसाच्या खात्यातून टोल जाणार की नाही हे ठरेल. पुढच्या तक्रारी तिथूनच येतील असा माझा कयास आहे. काच पुसणाऱ्या पोरांना मात्र पाच-दहा रुपये द्यायला हरकत नसावी.